गडद निळ्या नावेचे टवके

नाव फायबरची, १८ फुटी. बाहेरून गडद निळा चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) रंग, काठाखाली चार बोटं रुंद पांढरा पट्टा. मालकी एका मच्छीमार सहकारी संस्थेची, गाव पवनी तालुक्यातलं, वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला लागून. आठवडाभर ही नाव संस्थेच्या कामाला असते आणि हिवाळ्यात सुटीच्या दिवशी पाण्यावर फिरायला आलेल्यांना घेऊन जाते. रंग दोन वर्षांपूर्वी नागपुरात स्प्रेनं मारलेला, आणि चांगला मारलेला. दिवाळीनंतर संस्थेच्या सचिवांनी मला बोलावलं तेव्हा त्या रंगाचे २३ ठिकाणी टवके उडाले होते. सगळ्यात लहान तिळाएवढा, सगळ्यात मोठा रुपयाच्या नाण्याएवढा.

माझा धंदा गाड्यांच्या पेंटिंगचा. ट्रॅक्टरची बॉनेटं, मोटारसायकलच्या टाक्या, कधी एखादी जीप. नावेचं काम आमच्या भागात वरचेवर येत नाही. इथले ढिवर बांधव पिढ्यान्‌पिढ्या लाकडी डोंगे चालवत आले, आणि डोंग्याची चकाकी कोणी पाहत नाही. आता फायबरच्या नावा वाढल्या आहेत. त्यांच्यावर गाडीच्याच जातीचा रंग असतो, त्यामुळे टवका उडाला की माणसं गाडीवाल्या पेंटरकडे येतात. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे. गाडीच्या टचअपमधलं पुष्कळ काही नावेला चालतं. दोन-तीन गोष्टी मात्र अजिबात चालत नाहीत, आणि नेमक्या त्या आमच्या हाताला सवयीच्या असतात.

नाव काठावर घेतल्यावर

पाण्यात असताना नाव पाहून काही कळत नाही. मुरमावर ओढून घेतली, साबणाच्या पाण्यानं धुतली, तेव्हा टवक्यांचे तीन गट वेगळे दिसले. पुढच्या टोकाला, जिथून नांगराची साखळी खाली सोडतात, तिथे एकाखाली एक रांगेनं. काठावर, जिथे वल्हं आणि बांबू आपटतो, तिथे लांबट आणि उथळ. आणि दोन्ही बाजूंना पाण्याच्या रेषेच्या आसपास विखुरलेले काही. गोसेखुर्दचं भूमिपूजन १९८८ सालचं. पाणी पुढे टप्प्याटप्प्यानं साठवलं गेलं, बुडीत क्षेत्रातली गावं उठून गेली, पण घरांचे पाये, विहिरींचे कठडे आणि झाडांची खोडं तिथेच राहिली. पाणी जरा उतरलं की नाव त्यांना घासते. हा तिसरा गट त्या घासण्याचा.

आणखी एक गोष्ट दिसली. मागच्या हंगामात कोणीतरी सात-आठ टवक्यांवर साधा ऑइलपेंट ब्रशनं फासून ठेवला होता. निळाच, पण जरा हिरवट झाक असलेला. प्रत्येक ठिकाणी पुटकुळीसारखा उंचवटा आणि भोवती ब्रशच्या रेघा. लांबून पाहिलं तर टवक्यापेक्षा हे डागच आधी नजरेत येत होते.

सचिवांचं म्हणणं साधं होतं. "भाऊ, पुरी बाजूच मारून टाका ना. साजरी दिसंल."

"काकाजी, बाकीचा रंग पक्का हाये. तेवढ्यासाठी पुरी नाव कायले सोलता?"

हा वाद मी मनापासून घातला, कारण पूर्ण बाजू रंगवणं माझ्या फायद्याचं असलं तरी नावेच्या फायद्याचं नव्हतं. चकाकणारी पूर्ण बाजू रंगवायची म्हणजे जुना रंग सगळा घासून मॅट करायचा आणि मग धूळ नसलेल्या जागी स्प्रे मारायचा. काठावर स्प्रेसाठी बंद बूथ नाही. आणि दिवस धानाच्या मळणीचे. दोन बांध्या पलीकडे थ्रेशर चालू होता, त्याचा भुसा दुपारभर हवेत. ओल्या पीयूवर तो बसला की पुढचे कित्येक दिवस कणकण घासून काढा. शिवाय पीयूच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग घट्ट व्हायला त्यात मिसळतात त्या दुसऱ्या भागात, आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा लागू शकतो, आणि एकदा शरीरानं ते धरलं की पुढे थोड्याशा वासानंही त्रास होतो. आमच्या धंद्यात तोंडाला रुमाल बांधून पीयू मारणारी पोरं मी रोज पाहतो. रुमाल त्या वाफेला अडवत नाही, साधा धुळीचा मास्कही नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क असल्याशिवाय उघड्यावर पीयूचा स्प्रे करू नये, हे माझं ठाम मत आहे. ब्रशनं थेंब-थेंब लावताना धोका पुष्कळ कमी, तरी हातमोजे आणि मोकळी हवा हवीच.

सचिव तयार झाले, पण एका अटीवर. पुढच्या टोकाचं काम आधी करायचं आणि ते बघून ते बाकीचं ठरवणार.

टवका कुठपर्यंत गेला आहे

टचअपमध्ये ब्रश हातात घेण्याआधी हा प्रश्न सुटला पाहिजे. या नावेचे थर बाहेरून आत असे: निळा पीयू, त्याखाली करडा इपॉक्सी प्रायमर, त्याखाली साच्यातच बसलेला पांढरा जेलकोट आणि सगळ्यात आत काचेच्या धाग्यांचं फायबर. पीयूच्या एका हाताचा सुका थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन असतो. जेलकोट त्याच्या कितीतरी पट जाड, अर्धा मिलिमीटर किंवा थोडा जास्त. म्हणून टवक्यात करडं दिसलं तर काम उथळ आहे. पांढरं दिसलं तर रंग पूर्ण उडाला, पण नाव अजून सुरक्षित आहे. आणि धुरकट हिरवट पारदर्शक तळ दिसला, त्यात धाग्यांची टोकं उभी दिसली, तर पाणी आत जायला वाट झाली आहे.

शिलाई मशीनवाल्यांकडे मिळतं तसलं भिंग घेऊन एकेक टवका पाहिला. बहुतेक करडे. काही पांढरे. पुढच्या टोकाचे दोन थेट धाग्यापर्यंत. त्या दोघांच्या भोवती नाण्यानं ठोकून पाहिलं. आवाज सगळीकडे सारखा टणक आला. बद्द आवाज आला असता तर आतले थर सुटलेत असा अर्थ, आणि मग हे काम रंगाचं राहिलं नसतं, कापून काचेच्या धाग्यांची नवीन मॅट भरावी लागली असती.

धागे उघडे पडले की पाणी त्यांच्या कडेनं आत सरकतं. त्यामुळे ते दोन टवके लगेच भरायचे नव्हते. आधी गोड्या स्वच्छ पाण्यानं धुवून उन्हात ठेवले. मग त्यांच्यावर पॉलिथिनचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवला आणि रात्रभर राहू दिला. सकाळी आतल्या बाजूला दव धरलेलं दिसलं, म्हणजे ओल अजून होती. पुन्हा ऊन, पुन्हा पॉलिथिन. आतली बाजू कोरडी राहिली तेव्हाच पुढे गेलो. ही साधी तपासणी गाडीच्या कामात लागत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

दुसरी तपासणी रंगाच्या जातीची. थिनरमध्ये भिजवलेली पांढरी चिंधी एका कोपऱ्यात दोन-चार वेळा फिरवली. मूळ निळा रंग जागचा हलला नाही, चिंधीवर काही उतरलं नाही. म्हणजे दोन भागांचा, हार्डनर घातलेला रंग. तीच चिंधी ऑइलपेंटच्या डागावर फिरवली तर डाग मऊ पडला आणि निळी-हिरवी घाण चिंधीवर आली. या एका फरकानं दोन कामं झाली. मूळ रंग कोणता ते कळलं, आणि वरचे सगळे डाग खालच्या रंगाला धक्का न लावता पुसून काढता आले. चिंधी थोडा वेळच फिरवायची, भिजत ठेवायची नाही. हे डाग तसेच ठेवून वर पीयू लावला असता तर पीयूच्या थिनरनं खालचा ऑइलपेंट उसळून सुरकुत्या आल्या असत्या. एक भागाच्या रंगावर दोन भागांचा रंग चढवू नये. नेमकं हे पुष्कळ ठिकाणी होतं आणि मग दोष नव्या रंगाला दिला जातो.

रंग जुळवणं

संस्थेच्या खोलीत मूळ रंगाचा डबा शिल्लक होता, तळाला वाटीभर रंग. काठीनं तळापासून ढवळला, गाळला, ठीक निघाला. हार्डनरची बाटली मात्र अर्धी रिकामी, आतलं द्रव गढूळ आणि तोंडाशी खडे. हार्डनर हवेतली ओल शोषतो आणि खराब होतो. गढूळ झालेला हार्डनर वापरला तर रंग कधीच पूर्ण घट्ट होत नाही. तो टाकून दिला आणि नागपूरहून त्याच कंपनीचा, त्याच मालिकेचा नवा लहान डबा मागवला. दुसऱ्या कंपनीचा चालेल का, असं दुकानदारानं फोनवर विचारलं. चालत नाही. रंग आणि हार्डनर जोडीनंच बनवलेले असतात.

दोन वर्षांच्या उन्हानं निळा थोडा पांढुरका झाला होता. आधी टवक्याशेजारची हातभर जागा रबिंग कंपाउंडनं हलकी घासली. वरचा मेलेला थर निघाला आणि खालचा खरा निळा दिसला. जुळवायचा तो या निळ्याशी, मळकट वरच्या थराशी नाही. हे न करता जुळवलेला रंग पुढे पॉलिश केल्यावर फिका ठरतो. डब्यातला रंग या निळ्यापेक्षा अगदी किंचित गडद होता. त्यात त्याच मालिकेचा पांढरा आगकाडीच्या टोकानं घातला, ढवळला, प्लास्टिकच्या पांढऱ्या तुकड्यावर ओढला आणि वाळू दिला. ओल्या रंगावरून निर्णय घेऊ नये, वाळल्यावर छटा बदलते. वाळलेला तुकडा नावेला टेकवून आधी सावलीत आणि मग उन्हात पाहिला. सावलीत जुळलेला रंग उन्हात फुटतो, असं निळ्याच्या बाबतीत वरचेवर घडतं.

लांबी नाही, इपॉक्सी

गाडीवाला पेंटर खड्डा दिसला की लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुटी, काढतो. पॉलिस्टर लांबीत टाल्कसारखी भुकटी असते. ती पाणी धरते. पाण्याच्या रेषेखाली ती काही महिन्यांत फुगते आणि वरचा रंग फोड येऊन निघतो. पाण्याच्या रेषेच्या वर, काठावर वगैरे, लांबी चालून जाते. पण एका नावेवर दोन हिशेब ठेवण्यापेक्षा मी सगळीकडे इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिनच वापरतो.

त्याआधी सफाई. आणि सफाईचा क्रम बदलता येत नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येतं, हे इकडे प्रत्येकाला माहीत आहे. पाण्याच्या रेषेवर जी काळपट चिकट साय धरते ती साबणानं अर्धीच जाते, आणि इंजिनाच्या डिझेलचा ओशटपणा वेगळाच. आधी वॉटर पेपर (घासायचा कागद) मारला तर हे तेल ओरखड्यांत दाबून बसतं आणि नंतर कितीही पुसलं तरी निघत नाही. म्हणून आधी डीग्रीझर, म्हणजे तेल काढणारं द्रव. एका हातात भिजलेलं फडकं, दुसऱ्या हातात कोरडं. ओलं फिरवायचं आणि ते उडून जायच्या आत कोरड्यानं उचलून घ्यायचं. एकाच फडक्यानं पुसलं तर तेल इकडचं तिकडे होतं, इतकंच.

टवक्याची कड नेहमी थोडी सुटलेली असते, डोळ्यांना दिसत नाही. कटरच्या टोकानं कडेला हळूच उचकून पाहायचं. जे निघतं ते निघू द्यायचं. मोठ्या टवक्यांना तसं केल्यावर ते थोडे आणखी मोठे झाले. सचिव शेजारी उभे होते, त्यांचा चेहरा पडला. पण सुटलेल्या कडेवर लावलेला रंग त्या कडेसकट निघतो. मग ४०० नंबरचा वॉटर पेपर पेन्सिलच्या मागच्या टोकाला गुंडाळून कड उतरती केली. घासलेली जागा बोटाच्या पेरापेक्षा मोठी होऊ दिली नाही. जेवढं जास्त घासाल तेवढी जास्त चकाकी परत आणावी लागते.

धाग्यापर्यंत गेलेल्या दोन टवक्यांना आधी पातळ इपॉक्सी ब्रशनं पाजलं, धागे पूर्ण भिजून पारदर्शक झाले. ते चिकट असतानाच तेच इपॉक्सी सिलिका पावडर घालून श्रीखंडाएवढं घट्ट केलं आणि भरलं. पृष्ठभागाच्या किंचित खाली थांबलो, कारण वर प्रायमर आणि रंग यांना जागा लागते. दुसऱ्या दिवशी घट्ट झालेल्या इपॉक्सीवर हात फिरवला तर मेणचट लागलं. थंडीत आणि ओलीत हे अधिक येतं. हा मेणचट थर थिनरनं जात नाही, पाण्यानं आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरनं जातो. तो धुतल्याशिवाय घासायचं नाही. त्यानंतर पांढऱ्या दिसणाऱ्या सगळ्या टवक्यांवर आणि या दोन भरलेल्यांवर इपॉक्सी प्रायमरचा एकेक ठिपका. जेलकोट परत भरावा असं काही जण सुचवतील. पण पॉलिस्टर जेलकोट इपॉक्सीवर भरवशानं धरत नाही, आणि वरून रंगच येणार असेल तर त्याची गरजही नाही.

थेंब

डिसेंबरात बॅकवॉटरच्या काठावर सकाळी नाव आंघोळ केल्यासारखी ओली असते. पीयूचा हार्डनर रंगाशी जुळण्याआधी पाण्याशी जुळला तर वायू सुटतो, बारीक फोड येतात आणि चकाकी मरते. नियम असा की पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा, किमान ३ अंश गरम असावा. काठावर कोणाकडे मीटर नसतं. त्यासाठी ओलं फडकं एका जागी फिरवायचं आणि घड्याळ बघायचं. ओल १५ मिनिटांच्या आत आपोआप उडाली तर हवा कामाची आहे. आम्ही दहाच्या सुमाराला सुरुवात करायचो आणि दुपारी दोननंतर नवा थर लावत नव्हतो, म्हणजे संध्याकाळचं दव पडायच्या आत वरची साय धरते. ऊनही थेट नको. गडद निळं फायबर उन्हात हात ठेववत नाही इतकं तापतं, आणि तापलेल्यावर थिनर फार लवकर उडतो. बांबूचे तट्टे उभे केले. सावली झाली आणि थ्रेशरचा भुसाही अडला.

रंग आणि हार्डनरचं माप डब्यावर लिहिलेलं असतं, या रंगाचं ४ ला १ होतं. इतक्या लहान कामात वाटीनं अंदाज घेणं म्हणजे सगळं बिघडवणं. मेडिकलमधून सुई नसलेल्या दोन सिरिंज आणल्या. ४ मिली रंग, १ मिली हार्डनर, नीट ढवळून पाच-दहा मिनिटं तसंच ठेवलं. एवढ्यात सगळे टवके भागतात. संपला की नवा घोळ. उरलेला रंग दुसऱ्या दिवशी वापरता येत नाही.

आता मुख्य काम. ब्रश अगदी बारीक, चित्रकलेच्या दुकानात मिळतो तो शून्य नंबरचा. तिळाएवढ्या टवक्यांसाठी टूथपिकच बरी. ब्रश फिरवायचाच नाही. टोकाला रंगाचा मणी धरायचा, टवक्याच्या मध्यावर टेकवायचा आणि उचलून घ्यायचा. रंग स्वतःहून कडेपर्यंत सरकतो. तो कडेला जाऊन थांबतो तो क्षण बारकाईनं पाहण्यासारखा असतो. थेंब बरोबर असेल तर कडेच्या आत थांबतो. थोडा जास्त झाला तर कड ओलांडून शेजारच्या चांगल्या रंगावर चढतो आणि तिथे पातळ जिभा काढतो. जास्त झालेला लगेच कोरड्या टूथपिकनं टिपून घ्यायचा. बाजूच्या उभ्या भागावर थेंब ओघळू नये म्हणून अगदी लहान घ्यायचा. नाव एका बाजूला कलती करून खाली पोती लावली तर काम सोपं होतं, आम्ही तेच केलं.

एका थेंबात खड्डा भरत नाही, भरू देऊही नये. बऱ्याच पीयू रंगांत निम्म्याच्या आसपास भाग उडून जाणारा असतो. ओला थेंब पृष्ठभागाच्या बरोबरीला दिसला तरी वाळल्यावर वाटी पडते. जाड थेंबाच्या पोटात थिनर अडकून राहतो आणि तो नंतर बुडबुडा होऊन बाहेर येतो. पातळ थर, तो चिकटसर झाला की दुसरा, मग तिसरा. शेवटी वाळल्यावर रंग कडेपेक्षा केसभर वर उभा राहिला पाहिजे. उथळ टवक्यांना हे लवकर साधलं. पुढच्या टोकाच्या मोठ्यांना दुसऱ्या दिवशीही थर द्यावे लागले.

संस्थेचा नाव चालवणारा तरुण सगळा वेळ जवळ होता. पुढच्या टोकाचे थेंब मी लावले, काठावरचे बहुतेक त्यानं. जाळं विणणाऱ्या बोटांना हे काम लवकर समजतं. त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता.

थांबायचे दिवस

दुसऱ्या दिवशी रंग हाताला लागत नव्हता. शनिवार जवळ आला होता आणि पाहुण्यांचे फोन येत होते.

"भाऊ, सुकलं तं आहे. सोडू का पान्यात?"

"वरून सुकलं जी, आतून नाही."

"पाहुणे पैसे देऊन राह्यले ना."

"नख दाबून पाहा काकाजी, तुमीच पाहा."

त्यांनी काठाच्या आतल्या बाजूला लावलेल्या नमुन्याच्या ठिपक्यावर नख दाबलं. नखाची चंद्रकोर उमटली. नाव काठावर राहिली.

२५ अंशांच्या हवेत पीयूला आतपर्यंत घट्ट व्हायला साधारण सात दिवस लागतात. पूर्व विदर्भात डिसेंबरच्या रात्री दहा अंशांच्या आसपास उतरतात, तेव्हा त्याहून जास्त. याच दिवसांत सगळ्यात जास्त टचअप वाया जातात. घाईनं घासलेला रंग पेपरला गोळा होऊन निघतो, आणि निघाला नाही तरी पॉलिश केल्यावर आठ-पंधरा दिवसांत आणखी बसतो आणि पुन्हा वाटी पडते. हॅलोजनचा दिवा लावून घाई करता येते. पण फायबर एका जागी तापवणं मला पटत नाही, फार गरम झालं तर आतलं रेझिन मऊ पडतं. संस्थेनं त्या आठवड्यात पाहुण्यांना नकार दिला. पैसे बुडाले, आणि तरीही त्यांनी थांबायचं ठरवलं याबद्दल मला त्या संस्थेचा आदर वाटतो.

सपाट करणं आणि चकाकी

नखाची खूण उमटेनाशी झाली तेव्हा केसभर उंच ठिपके खाली आणायला घेतले. मोठ्यांना आधी पात्यानं. दाढीच्या ब्लेडच्या दोन्ही टोकांना सेलोटेपचा एकेक पदर लावला. टेपच्या जाडीमुळे पातं चांगल्या रंगाला टेकत नाही आणि फक्त उंच भाग खरवडतं. मग १५०० नंबरचा वॉटर पेपर, पाण्यात भिजवलेला, पाण्यात साबणाचा एक थेंब. पेपर बोटावर घ्यायचा नाही. बोट मऊ असतं, ते उंचवट्याभोवती वळतं आणि शेजारचा चांगला रंग खातं. सागाच्या चपट्या लाकडाचा दोन बोटं लांबीचा तुकडा घासून एकदम सपाट केला आणि पेपर त्याला गुंडाळला.

इथे पाहायची खूण अशी. थोडं घासून पुसलं की ठिपक्याचा माथा मॅट दिसतो आणि त्याच्याभोवती एक चकाकतं कडं उरतं. ते कडं म्हणजे पेपर अजून जिथे पोचला नाही तो खालचा भाग. घासत जाल तसं कडं बारीक होतं. ते पुरतं नाहीसं झालं आणि सगळं एकसारखं मॅट झालं की लगेच थांबायचं. पुढचा एकही हात मारला तर जुना रंग पातळ व्हायला लागतो. मध्येच निळ्यातून करडं डोकावलं की समजावं, प्रायमर लागला आणि तो टवका पुन्हा पहिल्यापासून. १५०० नंतर २०००, मग सुती फडक्यानं रबिंग कंपाउंड, हातानं. मशीन इतक्या लहान जागेला लागत नाही आणि कडेला रंग जाळतं.

काठावरच्या टवक्यांना हे काहीच केलं नाही. कोपऱ्यावर स्प्रेचा रंग मुळात पातळ बसतो. तिथे सपाट करायला गेलात तर दोन हातांत प्रायमर दिसतो. तिथे टवका भरला, बंद झाला, किंचित उंच राहिला तर राहू द्यावा. आरशासारखं दिसण्यापेक्षा काठ झाकलेला असणं महत्त्वाचं. सगळे टवके सारखेच गुळगुळीत करायची हौस असते, तिला आवर घालणं या कामात फार लागतं.

घासलेलं पाणी, कंपाउंडचे बोळे, थिनरच्या चिंध्या यातलं काही तलावात गेलं नाही. खाली ताडपत्री टाकली होती. चिंध्या मोकळ्या वाळवून पोत्यात भरून परत नेल्या. ज्या पाण्यावर या घरांचं पोट आहे त्यात रंगाचं पाणी सोडणं मला जमणार नाही.

हातभर अंतरावरून पाहिलं तर बाजूचे टवके सापडत नाहीत. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पुढच्या टोकाचे तीन ओळखू येतात, शोधले तर. ऑइलपेंटचे डाग जिथे होते तिथे चकाकी थोडी कमी आहे, ती पॉलिशनं पूर्ण आली नाही. गडद रंगावर याहून चांगलं काठावर बसून होईल असं मला वाटत नाही. सचिवांनी पुरी बाजू रंगवायचा विषय परत काढला नाही.

टवके उडण्याचं कारण

रंग भरून नाव परत त्याच साखळीखाली दिली असती तर होळीपर्यंत टोकाला तेच झालं असतं. शेतातल्या पंपाचा जुना लवचीक पाइप उभा चिरला आणि साखळी नावेच्या टोकाला जिथे लागते त्या तिच्या भागावर चढवून तारेनं बांधला. टोकाला रबराची पट्टी बसवायचा विचार होता. पण तिच्यासाठी फायबरला भोकं पाडावी लागली असती, ती पाडू दिली नाहीत. बांबूच्या खालच्या टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळली. नाव जिथे लागते त्या जागेवरचे मोठे दगड त्या तरुणानं आणि त्याच्या दोस्तांनी काढले आणि रेतीनं भरलेली पोती टाकली, बाजूला मोटारसायकलचे दोन टायर लटकवले. बुडालेल्या खोडांचं काही करता येत नाही. तो तरुण त्यांच्या जागा ओळखतो, पण पाणी उतरलं की जागा बदलल्यासारख्या वाटतात असं त्याचंच म्हणणं. म्हणून उतरत्या पाण्यात नाव हळू न्यायची एवढं ठरलं.

रंगाचा उरलेला डबा झाकण घट्ट ठोकून, वर जुळवणीचं प्रमाण आणि तारीख लिहून संस्थेच्या खोलीत ठेवला. सोबत दोन सिरिंज, शून्य नंबरचा ब्रश, १५०० आणि २००० चे पेपर आणि तो सागाचा तुकडा. हार्डनर ठेवला नाही, पुढच्या वेळी नवा आणायचा. नवीन टवका दिसला की त्याच दिवशी त्यावर पारदर्शक टेप लावायची आणि सवड मिळाली की भरायचा, हे त्या तरुणाला सांगितलं आहे. धाग्यापर्यंत गेलेल्या दोन जागा तो दर महिन्याला नाण्यानं ठोकून पाहतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि नाव वर घेतली की त्या दोन जागांवर पुन्हा पॉलिथिन लावून रात्रभर ठेवायचं आहे. तेव्हा ओल दिसली तर इपॉक्सी काढून ते दोन टवके परत उघडावे लागतील.